पाठपुरावा : एका सेवेचा वैदर्भीय इतिहास

काही वर्षांपूर्वी यवतमाळ जिल्ह्यातील एका लहानशा धर्मग्रामात माझी नेमणूक होती. पावसाळ्याच्या तोंडावर एके सकाळी मिस्सा आटोपून मी बाहेर आलो, तो ओट्यावर एक बाई बसलेल्या दिसल्या. त्या ख्रिस्ती नव्हत्या. शेजारच्या खेड्यातून पायी आल्या होत्या. हातातली कापडी पिशवी त्यांनी माझ्यासमोर रिकामी केली. सातबाराचा उतारा, शिधापत्रिका, पतीच्या मृत्यूचा दाखला, पंचनाम्याची प्रत, बँकेची नोटीस आणि सरकारी दवाखान्याचे घडी पडून फाटू लागलेले तीन केसपेपर. एक सासूबाईंचा, एक फिट येणाऱ्या धाकट्या मुलाचा आणि एक त्यांचा स्वतःचा, रात्री झोप लागत नाही म्हणून काढलेला. ‘‘फादर, कोन्त्या खिडकीवर जा लागते, थे कोनी सांगत नाई,’’ एवढेच त्या म्हणाल्या.

प्रत्येक कागदाला कुठे ना कुठे एक खिडकी होती. सातबाऱ्यासाठी तलाठी होता, मुलासाठी दवाखाना होता, कर्जासाठी बँक होती. परंतु ती पिशवी, म्हणजे ते अख्खे घर, कोणत्याही एका खिडकीच्या अखत्यारीत येत नव्हते.

श्रीमंत देशांत आज अशा पिशवीसाठी एक स्वतंत्र व्यवसाय आहे. त्या माणसाला ‘केस मॅनेजर’ म्हणतात. तो डॉक्टर नव्हे, कारकून नव्हे आणि दाताही नव्हे. आजारी किंवा संकटग्रस्त कुटुंबाची सगळी गरज एकत्र पाहायची, कोणती मदत कुठून मिळेल ते ठरवायचे, त्या माणसाला तिथवर पोहोचवायचे, आणि मदत खरोखर मिळाली का, ते पुन्हा जाऊन पाहायचे, हे त्याचे काम. आपल्या भाषेत या सगळ्याला एक चांगला शब्द आहे : पाठपुरावा. शब्द आपला आहे, आणि थोडे मागे वळून पाहिले तर हे कामही आपल्याला अनोळखी नाही, असे दिसून येते. विदर्भाच्या मातीत ते उभे राहिले, फोफावले आणि विस्कटलेही. त्याचा हा धावता आलेख.

दया होती, व्यवस्था नव्हती

‘केस’ हा शब्द लॅटिनमधील ‘कासुस’ या शब्दावरून आला. त्याचा मूळ अर्थ पडणे, कोसळणे. म्हणजे केस म्हणजे कागद नव्हे, तर माणसावर कोसळलेला प्रसंग. दवाखान्यातल्या आपल्या केसपेपरने या शब्दातला माणूस वजा केला आणि कागद तेवढा ठेवला.

प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायातील प्रसंग वाचकांना परिचित आहे. यरुशलेमच्या पहिल्या ख्रिस्ती समुदायात रोज अन्नवाटप होत असे. पण ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होऊ लागले, अशी कुरकुर उठली. तेव्हा त्या कामासाठी सात जणांची निवड झाली. येथे अन्नाचा तुटवडा नव्हता. तुटवडा होता कोणाला मिळाले आणि कोणाला नाही हे पाहणाऱ्या माणसाचा.

पुढे सोळा शतकांनी, १६१७ साली, फ्रान्समधील शातियों या गावी हीच गोष्ट निराळ्या रूपात घडली. गावाबाहेरच्या एका घरी सगळेच आजारी असल्याचे कळल्यावर व्हिन्सेंट डी पॉल या धर्मगुरूने प्रवचनात त्यांचा उल्लेख केला. दुपारी तो स्वतः निघाला, तर रस्ताभर माणसेच माणसे. कोणाच्या हातात भाकरी, कोणाच्या हातात मांस. त्याच्या ध्यानात आले की आज हे अन्न नासणार आणि उद्या ते घर पुन्हा उपाशी राहणार. दया भरपूर होती, व्यवस्था नव्हती. त्याने गावातील स्त्रियांना एकत्र आणून पाळ्या लावल्या आणि एक नियमावली लिहिली. तिच्यात एक बारकावा आहे : ज्या रुग्णाजवळ घरचे कोणी आहे त्याच्यापासून सेवेला सुरुवात करावी आणि जो अगदी एकटा आहे त्याच्याकडे शेवटी जावे, म्हणजे त्याच्याजवळ अधिक वेळ बसता येईल. चारशे वर्षांपूर्वीचा हा नियम आजच्या कोणत्याही प्रशिक्षणवर्गात शिकवावा, असा आहे.

आधुनिक काळात हे काम रुग्णालयात शिरले ते १८९५ साली. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलने मेरी स्टुअर्ट या बाईंची नेमणूक केली. ऐपत असूनही फुकट औषध नेणाऱ्यांना हुडकून काढणे, हे त्यांचे मूळ काम. पण चौकशी करता करता रुग्णाचे घर त्यांच्या दृष्टीस पडू लागले. अमेरिकेत बोस्टन येथे १९०५ साली डॉ. रिचर्ड कॅबट यांनी आपल्या रुग्णालयात समाजसेविका नेमल्या. विश्रांती घ्या, सकस खा, असे सांगून रुग्णाला घरी पाठवायचे, आणि त्या घरात विश्रांतीला जागा आणि खायला अन्न आहे की नाही, हे आपल्याला ठाऊकच नसायचे, ही त्यांची बोच होती. १९१७ मध्ये मेरी रिचमंड यांनी या विषयावर पहिला मोठा ग्रंथ लिहिला.

महाराष्ट्रात हा प्रवाह आला तो नागपाड्याच्या वाटेने. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट हे मुंबईच्या या गरीब वस्तीत सेवाकेंद्र चालवीत. त्यांच्याच पुढाकाराने १९३६ साली टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झाले, आणि १९४६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भारतातील पहिल्या वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. १९५५ साली ‘डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी’ या संघाच्या धर्मभगिनींनी मुंबईत निर्मला निकेतन हे समाजकार्य महाविद्यालय काढले. आज आपल्या सरकारी रुग्णालयांत ‘समाजसेवा अधीक्षक’ अशी पाटी दिसते, ती या परंपरेतली. यवतमाळलाही सावित्री ज्योतिराव समाजकार्य महाविद्यालय आहे.

घरोघर जाणारा माणूस

हे सारे शहरांतले. यवतमाळसारख्या १३,५८२ चौरस किलोमीटर पसरलेल्या, सोळा तालुक्यांच्या आणि २०११ च्या जनगणनेनुसार २७ लाख ७२ हजार वस्तीच्या जिल्ह्यात रुग्णालयातल्या टेबलामागे बसून पाठपुरावा होत नाही. तो पायी चालून करावा लागतो. आणि ही गोष्ट विदर्भाला कुष्ठरोगाने शिकवली.

यवतमाळच्या तीन अंगांना कुष्ठसेवेची तीन तीर्थक्षेत्रेच उभी राहिली. वर्ध्याजवळ दत्तपूरला विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठधाम काढले. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये तपोवन उभारले. वर्धा नदीपलीकडे वरोऱ्याला बाबा आमट्यांचे आनंदवन फुलले. घराने टाकलेल्या माणसाला नवे घर देणे, हे या संस्थांचे कार्य. त्याची थोरवी सर्वज्ञात आहे.

परंतु त्याच वर्ध्यात दुसरी एक, कमी गाजलेली वाट निघाली. १९५१ साली स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाचे डॉ. र. वि. वारदेकर यांनी प्रश्न उलटा घातला : रुग्णाला घराबाहेर काढून आणण्याऐवजी आपणच त्याच्या घरी का जाऊ नये? सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार अशी त्यांची त्रिसूत्री होती. प्रशिक्षित कार्यकर्त्याने घरोघर जायचे, प्रत्येक माणसाला तपासायचे, रुग्ण सापडला की त्याचे कार्ड तयार करायचे, घरच्यांची समजूत घालायची आणि औषध चालू आहे ना, हे महिनोन्‌महिने पाहायचे. १९५५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाने हीच पद्धत स्वीकारली. वीस ते पंचवीस हजार वस्तीमागे एक कार्यकर्ता, असे प्रमाण ठरले. पुढे आपल्याकडे त्याला कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणू लागले. हातापायाची बधिरता, चुलीवर भाजलेली बोटे, मोडलेली सोयरीक आणि शाळेतून काढलेला मुलगा, हे सगळे त्या एकाच कार्डाच्या आसपासचे. औषध कार्डावर लिहिलेले असे. बाकीचे त्याला पाहून कळे. ‘केस मॅनेजर’ हा शब्द अमेरिकेत १९७० च्या दशकात रूढ झाला. मोठमोठी मनोरुग्णालये तिथे रिकामी होऊ लागली आणि बाहेर पडलेली माणसे अनेक कार्यालयांच्या दरम्यान हरवू लागली, तेव्हा त्या देशाला या माणसाची गरज भासली. इंग्लंडने १९९० च्या कायद्याने ही व्यवस्था आणली. तत्पूर्वी कितीतरी वर्षे तो आपल्या खेड्यांतून हिंडत होता.

१९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आले आणि कुष्ठरोग वेगाने हटू लागला. २००५ च्या अखेरीस देशपातळीवर दर दहा हजार लोकांमागे एकाहून कमी रुग्ण, हे उद्दिष्ट गाठले गेले. ही मोठीच कामगिरी होती. परंतु रोग्यांची संख्या घटली तशी स्वतंत्र यंत्रणाही सामान्य आरोग्यसेवेत विलीन होत गेली. नवे रुग्ण आजही सापडतात. मात्र घरोघर जाऊन प्रत्येकाला ओळखणारा तो माणूस आता विरळा झाला. रोगाबरोबर आपण पाठपुराव्याची ती सवयही संपुष्टात आणली.

दत्तपूर, १९ मार्च १९८६

इतिहासात कधी कधी एखाद्या गावाच्या वाट्याला दोन निराळ्या आठवणी येतात. मनोहर दिवाणांच्या त्याच दत्तपूरला १९ मार्च १९८६ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे, त्यांच्या पत्नी मालती आणि चार मुले यांचा अंत झाला. साहेबराव गावचे सरपंच राहिलेले, मान असलेले गृहस्थ होते. शेतकरी म्हणून जगणे अशक्य झाले आहे, अशा आशयाची चिठ्ठी त्यांनी मागे ठेवली. राज्यातील पहिली शेतकरी आत्महत्या म्हणून या घटनेची नोंद घेतली जाते. २०१७ पासून दरवर्षी त्या दिवशी अनेक जण अन्नत्याग करून त्या कुटुंबाचे स्मरण करतात.

त्यानंतरच्या काळात यवतमाळचे नाव देशभर झाले ते याच दुःखासाठी. त्याची कारणे शेतीत आहेत : कोरडवाहू कापूस, बेभरवशाचा पाऊस, बियाण्याचा व औषधांचा वाढता खर्च, पडते भाव आणि कर्ज. ती येथे विस्ताराने सांगण्याची गरज नाही. आपला प्रश्न मृत्यूनंतर मागे राहिलेल्या घराचा आहे.

शासनाने डिसेंबर २००५ व जानेवारी २००६ मध्ये निर्णय काढले. पात्र कुटुंबाला एक लाख रुपये. त्यांतले तीस हजार हाती आणि सत्तर हजार मासिक प्राप्ती योजनेत. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहनसिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. व्याजमाफी, सिंचन आणि बियाणे यांचा तिच्यात समावेश होता. मदत आली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु ‘पात्र’ या शब्दाबरोबर ‘अपात्र’ हा शब्दही आमच्या खेड्यांत आला. जमीन कोणाच्या नावावर होती? कर्ज बँकेचे, सोसायटीचे, की परवाना नसलेल्या सावकाराचे? वसुलीचा तगादा होता का? या प्रश्नांच्या उत्तरांवर एखाद्या मृत्यूचा वर्ग ठरे. जमीन सासऱ्याच्या नावावर असली की सुनेचे दुःख नियमाबाहेर जाई. यरुशलेमच्या विधवांप्रमाणे येथेही प्रश्न नुसता धान्याचा नव्हता, यादीचा होता.

गावचीच माणसे

आजारी मनाकडे शासनाचे लक्ष स्पष्टपणे गेले ते २०१५ साली. त्या वर्षी ‘प्रेरणा प्रकल्प’ हा शेतकऱ्यांसाठीचा समुपदेशन कार्यक्रम चौदा जिल्ह्यांत सुरू झाला. आशा सेविकांनी घरोघर जाऊन ठरावीक प्रश्नांच्या आधारे खचलेली माणसे ओळखायची, त्यांना जिल्हा रुग्णालयातील समुपदेशक व मानसोपचारतज्ज्ञ यांच्यापर्यंत न्यायचे. सोबत १०४ या क्रमांकावर दूरध्वनीसेवा. त्याच वर्षी यवतमाळ आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत ‘बळीराजा चेतना अभियान’ हाती घेण्यात आले. वारदेकरांची त्रिसूत्री जणू नव्या नावाने परत आली होती.

ही पद्धत उपयोगी पडते का? याचे उत्तर शेजारच्या अमरावती जिल्ह्याने दिले. गोव्यातील ‘संगात’ या संस्थेशी संबंधित संशोधकांनी तेथील तीस गावांत एक उपक्रम राबवला. गावातल्याच व्यक्तींना शिकवून त्यांनी घरभेटी दिल्या, नैराश्याविषयी बोलणे सुरू केले, गरज असेल त्याला समुपदेशकाकडे आणि त्याहून अधिक गरज असेल त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेले. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभर माणसांतली जेमतेम चार मदतीपर्यंत पोहोचत होती. अठरा महिन्यांनंतर हे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. २०१७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या फरकाचे मुख्य श्रेय कोण्या नव्या औषधाला द्यावे लागत नाही. ते उंबऱ्यापर्यंत चालत गेलेल्या गावच्या माणसाला द्यावे लागते.

आणि त्याच २०१७ साली पाठपुरावा नसला म्हणजे काय होते, तेही यवतमाळने पाहिले. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो जणांना यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात व इतरत्र दाखल करावे लागले. त्यांत दुसऱ्याच्या शेतावर रोजंदारीने फवारणी करणारे मजूर होते. सातबाऱ्यावर त्यांचे नाव नव्हते, कर्जाच्या वहीतही नव्हते. ज्याच्याकडे कागदच नाही, त्याला शोधण्यासाठी तर माणूसच लागतो.

असा माणूस घडवता येतो, याची ग्वाही महाराष्ट्राने पूर्वीच दिली आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० पासून निरक्षर स्त्रियांतून गावाच्या आरोग्यसेविका तयार केल्या. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या आरोग्यदूतांनी घरच्या घरी नवजात बाळांचे प्राण वाचवले. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आलेली आशा ही याच कुळातली. साधारण हजार वस्तीमागे एक. पण आज लस, बाळंतपण, क्षयरोग, कुष्ठरोग, सर्वेक्षणे आणि मोबाइलमधली माहिती, हे सारे तिच्याच खांद्यावर आले आहे. मोबदला मात्र बराचसा कामागणिक. २०२३ आणि २०२४ मध्ये महाराष्ट्रातील आशा संपावर गेल्या, तेव्हा त्यांच्या मागण्या पैशाच्या होत्या, तशा सन्मानाच्याही होत्या. खचलेल्या माणसाजवळ अर्धा तास स्वस्थ बसणे, याचा दर कोणत्याच तक्त्यात लिहिलेला नसतो.

वहीतला शेवटचा रकाना

आता त्या पिशवीकडे परत येतो, कारण एक गोष्ट सांगायची राहिली आहे.

त्या रविवारी मी प्रवचनात त्या बाईंचा, नाव न घेता, उल्लेख केला. आमची माणसे गरीब, पण मनाची उदार. दोन पोती ज्वारी, डाळ, लुगडी, मुलांसाठी वह्या, थोडे रोख पैसे जमले. आम्ही ते पोहोचते केले. बाईंच्या डोळ्यांत पाणी आले, आमच्याही आले, आणि समाधानाने आम्ही परतलो. त्यानंतर सण आले, सभा आल्या. चार महिने तिकडे कोणी फिरकले नाही.

त्या पुन्हा आल्या तेव्हा सोबत धाकटा मुलगा होता. त्याच्या हाताला फडके बांधलेले. फिटची गोळी संपली होती. पुढच्या तारखेला दवाखान्यात न्यायचे, तर त्या दिवशी मजुरी बुडत होती. गोळी थांबल्यावर फिट आली आणि पोर चुलीपाशी पडले. मी शातियोंची गोष्ट सेमिनरीत वाचली होती, तिच्यावर परीक्षाही दिली होती. तरी जे अन्न एका दिवसात नासते, तेच मी त्या घरी नेऊन ठेवले होते. या चुकीचा दोष दवाखान्याकडे जात नाही, तलाठ्याकडे जात नाही. तो माझा आहे.

त्यानंतर आमच्या धर्मग्रामातील एका निवृत्त शिक्षकांनी एक साधी वही केली. एका घराला दोन पाने. रकाने पाच : घरात कोण कोण आहे, काय अडले आहे, कोणती खिडकी, सोबत कोण जाणार, आणि शेवटचा रकाना, पुन्हा केव्हा. गुरुजी त्या बाईंसोबत नऊ वेळा तालुक्याला गेले. निराधार योजनेचे अनुदान सुरू झाले. मुलाची गोळी चालू राहिली. बाईंना स्वतःच्या झोपेविषयी जिल्हा रुग्णालयात बोलायला एक समुपदेशक भेटली. बँकेचे कर्ज मात्र तसेच राहिले. ते आमच्या वहीने फिटणारे नव्हते. कापसाला भाव आणि शेताला पाणी यांची जागा कोणताही पाठपुरावा घेऊ शकत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

आपल्या प्रत्येक धर्मग्रामात अशी एक वही ठेवता येईल. तिला निधी लागत नाही. लागतो तो दिलेला शब्द पाळणारा माणूस. दोन पथ्ये मात्र पाळावीत. दुसऱ्याच्या घरचे दुःख ही चर्चच्या पायऱ्यांवरची बातमी होता कामा नये. वही कुलपात असावी. आणि एखादा माणूस जीवनाला कंटाळल्याचे बोलला, तर त्याला उपदेश न करता त्याच्याजवळ बसावे, एकटे सोडू नये आणि मदत मिळवून द्यावी. ‘टेलिमानस’ ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते. तो क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

माझी बदली झाली, त्या दिवशी गुरुजींनी वही दाखवायला आणली. त्या घराच्या दोन पानांवर आता जागा उरली नव्हती. त्यांनी तिसरे पान जोडले होते. त्याच्या शेवटच्या रकान्यात पुढच्या मंगळवारची तारीख होती.